टिंग झालं की निमू पळतो

लिफ्ट 'टिंग' करून उघडली आणि चार वर्षांचा निमिष किंचाळत पळाला. पळाला तो थेट पाण्याच्या दोन टाक्यांमधल्या फटीत घुसला. तिथे ना त्याच्या ताईचा, इरावतीचा, हात पोचत होता, ना पांडोबा यंत्रमानवाचा.

"निमू, बाहेर ये ना रे राजा!"

"नाही! टिंग आलं!"

चंद्रावरच्या वसाहतीत भोंगा वाजला होता. सौरवादळ (सूर्याकडून सुसाट सुटलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचा लोंढा) वीस मिनिटांत आदळणार होतं. खाली, खडकाच्या पोटातल्या, लिफ्टनेच जाता येणाऱ्या निवाऱ्यात आई हवेचे पंप सांभाळत होती. तिला जागा सोडता येत नव्हती आणि बाबा पृथ्वीवर गेले होते. तिने दर मिनिटाला फोनवर विचारावं, "निघालात का गं?" आणि इरावतीने "हो, निघालोच" म्हणावं. नऊ वर्षांच्या पोरीने दुसरं काय म्हणावं?

"पांडोबा, हा घंटेला का घाबरतो? घंटा काय चावते?"

"आपल्या घरात आणखी काय टिंग करतं?" पांडोबाने विचारलं.

इरावती थबकली. टीव्ही! काही भीतीदायक येणार असलं की आधी टिंग वाजायचं आणि मग पडद्यावर धुकं पसरायचं. लहान मुलांसाठी खास सोय.

"पण धुक्यात त्याला काहीच दिसत नाही!"

"दिसतं की. टीव्हीवर ती घंटा मीच वाजवायचो, चूक माझीच. एक्केचाळीस वेळा टिंग झालं. निमूने राक्षस एकदाही पाहिला नाही. पाहिले ते तुमचे चेहरे. आई 'डोळे मीट!' म्हणून ओरडते, बाबा रिमोटवर झडप घालतात, तू त्याच्यापुढे उशी धरतेस. सगळे एवढे दचकतात म्हणजे टिंग भयंकरच असणार, असं तो शिकला. याला अभिसंधान म्हणतात (दोन गोष्टी पुन्हा पुन्हा जोडीने आल्या की मनात त्यांची गाठ बसते). मग एकच आली तरी अंग कापतं."

"गाठ सुटते का?"

"टिंग व्हावं आणि मागून वाईट काही न येता मजा यावी, असं होत राहिलं की सैल पडते. एकदम नाही हं. आणि इरू, तो लिफ्टकडे बघत नाहीये. तुझ्याकडे बघतोय."

खरंच, फटीतले दोन डोळे तिच्यावरच रोखले होते. तिने लिफ्टचं बटण दाबलं. टिंग! तिचे खांदे आपोआप कानांपर्यंत गेले. फटीतले डोळे मिटले.

"वा! झकास शिकवणी," पांडोबा म्हणाला.

"गप रे, डबड्या! मला काय कमी भीती वाटतेय?"

"वाटू दे. लांब श्वास सोड आणि हात दे. फुगडी घालू."

"आत्ता?"

"आत्ताच. बाराच मिनिटं उरलीत."

टिंग! फुगडी. चंद्राची ओढ पृथ्वीच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याची, त्यामुळे दुसऱ्याच गिरकीला इरावतीचे पाय छताकडे निघाले आणि पांडोबा गोल गोल घरंगळला. तिला खरंखुरं हसू फुटलं. टिंग! पुन्हा फुगडी.

आठ मिनिटं. सात. आई आता दर अर्ध्या मिनिटाला फोन करत होती. इरावतीचे खांदे मात्र खालीच होते. टिंग!

"मी पन," फटीतून आवाज आला.

धावत जाऊन त्याला ओढून आणावंसं वाटलं तिला. पण ती जागची हलली नाही. नुसता एक हात मोकळा केला. निमू सरपटत बाहेर आला, मध्येच थांबला, त्याने तिचं तोंड नीट न्याहाळलं आणि मग हात धरला. गिरक्या घेत घेतच तिघं लिफ्टमध्ये शिरली. दार मिटलं. टिंग झालं तशी निमूने तिची बोटं करकचून आवळली, पण पळाला नाही.

निवाऱ्याचं जड दार लागलं. आईने दोघांना इतकं घट्ट धरलं की निमू कुरकुरला. वर वादळ आलं आणि गेलं.

"टीव्हीची घंटा काढून टाक, पांडोबा," इरावती म्हणाली. "नको ते आलं तर गुपचूप बदलत जा."

"बदलेन. पण एखादं निसटेलच. शिवाय हा मोठा होणार, स्वतः बटणं दाबणार. तेव्हा काय?"

इरावतीने निमूला मांडीवर ओढलं.

"तेव्हा मी शेजारी बसेन," ती म्हणाली, "आणि राक्षस झालेल्या नटाला कुणी, कुठे, कसा रंग फासला, ते सगळं त्याला सांगेन."