सातवं शून्य

वृद्धाश्रमात वर्षभरात कोण किती वेळा पडलं, त्याची वही मेट्रनबाईंनी हातात ठेवली तेव्हा संख्याशास्त्रज्ञ लेक खुशीतच होती. काम आवडीचं, त्यात दुधात साखर म्हणजे बाबा तिथेच राहत होते. त्यांना आपल्या घरी न्यावं असं तिच्या मनात होतं, पण घरातल्या झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर. मेट्रनबाईंचं एकच म्हणणं, "ब्याऐंशीव्या वर्षी जिना? एकदा पडले की संपलं." शेवटी आकडे काय म्हणतात ते पाहून ठरवू, असं दोघींचं ठरलं.

मोजणीच्या आकड्यांना लावतात ते साधं पॉयसन मॉडेल तिने लावून पाहिलं. बसेना. एकदाही न पडलेल्यांची शून्यंच फार. मग तिने शून्यांचे दोन गट मानले: पडू शकतात पण यंदा पडले नाहीत ते, आणि पडूच शकत नाहीत ते. दुसऱ्या गटात कोण, ते मॉडेलने शोधायचं. त्याने सात जण काढले.

"यातले सहा अंथरुणाला खिळलेत," मेट्रनबाई यादी बघत म्हणाल्या. "बरोबर ओळखलं की तुमच्या गणिताने!"

सातवे बाबा. रोज सकाळी बागेला चार फेऱ्या मारणारे बाबा.

आपणच कुठेतरी माती खाल्ली असणार, म्हणून तिने सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या. बाबांची ओळ काढून दुसऱ्याच क्रमांकाने घातली. उत्तर तेच.

"बाबा कधी अडखळलेसुद्धा नाहीत?"

मेट्रनबाईंनी यादी खाली ठेवली. "पॅसेजमध्ये तेलाचा डबा सांडला होता. मी पडले, दोन आया पडल्या. तुमचे बाबा पेपर वाचत त्यातून चालत आले आणि मला उठवलं."

"नशीब म्हणायचं!"

"हो." त्या हसल्या नाहीत. "त्यांच्या चपला कोरड्या होत्या. न्या त्यांना. उद्याच न्या."

लेकीचा जीव भांड्यात पडला. कारण काहीही असो, उत्तर हवं तेच आलं होतं.

पुढचे आठ दिवस घर नुसतं भरून गेलं. बाबा जावयाशी पत्ते खेळत, बिनदिक्कत लबाडी करत आणि पकडले गेले की "वयाचा तरी मान ठेवा" म्हणून उलट दटावत. जिना दिवसातून दहादा चढत-उतरत. इतकं सुख तिला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

रविवारी सकाळी सुतार आला. लाकडी जिन्याची मधली एक कुजकी पायरी त्याने उखडून भिंतीला टेकवली आणि तो नवी फळी आणायला गेला. ती खाली कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. बाबांना सांगायचं राहूनच गेलं.

वर दार वाजलं.

"बाबा, थांबा! पायरी—"

चहाचा कप घेऊन ते निम्मा जिना उतरलेसुद्धा होते. त्यांचा पाय मोकळ्या जागेवर आला.

टेकला.

मागून दुसराही टेकला. बाबा तिथेच उभे राहिले, निवांत एक घोट घेतला आणि तिच्याकडे पाहून हसले. त्यांच्या तळव्यांखालून तिला जिन्यामागची केरसुणी दिसत होती.

"सगळा जिना करकरतो गं," ते म्हणाले. "ही एवढी एकच पायरी काय ती शांत आहे."