रिकाम्या चौकोनाची रेघ

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या घरी घडलंय हे. मंगळवारी, भर दुपारी, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये.

मलाही तान्हं मूल आहे. असलं काही गंमत म्हणून लिहायची माझी छाती नाही.

धाकटीचं बाळ आठ महिन्यांचं. दुपारी छान झोपायचं. पण तिनं खोलीत पाऊल टाकायचा अवकाश... किंचाळत उठायचं.

रोज. सलग पंधरा दिवस.

डॉक्टर म्हणाले, दात येत असतील. सासूबाई म्हणाल्या, "तुझा चेहरा बघूनच घाबरत असेल ते, सदानकदा काळजी!"

नवरा तर टरच उडवायचा. "बाळ रडणार नाही तर काय भाषण ठोकणार?"

कुणी ऐकूनच घेईना. शेवटी वैतागून तिनं चॅटबॉटला विचारायचं ठरवलं.

लॅपटॉपवर या चॅटबॉटचा एक पांढरा बोर्ड असतो, फळ्यासारखा. त्यावर चौकोन टाकायचे आणि ते प्रश्नाच्या चौकोनाला रेघेनं जोडायचे. रेघ जोडली तेवढंच चॅटबॉट वाचतो. बाकीचं त्याच्या लेखी नसतंच.

बाळ आत झोपलेलं. हिनं हॉलमध्ये बसून तीन चौकोन टाकले, 'झोप', 'दूध', 'खोली'. जोडले. विचारलं, का रडतो?

उत्तर आलं, खोलीत उजेड कमी ठेवा.

"अरे, ठेवलाय रे बाबा!"

आणि तेवढ्यात... 'झोप'च्या थोडं पलीकडे एक रिकामा चौकोन दिसला.

आपलंच बोट लागलं असेल. तिनं पुसला.

परत आला.

पुन्हा पुसला. पुन्हा आला... या वेळी 'झोप'ला अगदी खेटून.

"आता तूही छळ! तूच तेवढा राहिला होतास." तिनं विचारलं, हा चौथा चौकोन कुणाचा?

उत्तर आलं, मला जोडलेले तीनच चौकोन दिसतात.

तिचं डोकंच फिरलं. तिरीमिरीत तिनं रिकाम्या चौकोनापासून प्रश्नापर्यंत स्वतःच्या हातानं रेघ ओढली. घे, वाच आता.

तिथेच चुकली ती.

फ्रिजची घरघर थांबली. खालच्या रस्त्यावरची वर्दळही...

उत्तर उमटलं.

"यात लिहिलं आहे: तो झोपला की मी त्याच्याजवळ बसते. तू आलीस की मला उठावं लागतं. म्हणून तो रडतो."

ती धावत आत गेली.

बाळ जागं होतं. पलंगाच्या रिकाम्या बाजूकडे टक लावून बघत होतं.

रडलं नाही.

संध्याकाळी नवऱ्यानं बोर्ड उघडला. तीनच चौकोन. प्रश्नातून निघालेली एक रेघ मात्र होती... तिच्या दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं.

"थकलीयेस गं तू," तो म्हणाला.

त्या दिवसापासून बाळ एकदाही रडत उठलं नाही. सासूबाई खूश. "बघ, दातच होते!"

परवा धाकटीचा फोन आला. आवाज अगदी खोल गेलेला.

"ताई, त्यानं एकदा तरी रडावं गं."

"वेडी का काय तू? शांत झोपतोय ना?"

"मी खोलीत जाते. त्याच्याशेजारी आडवी होते. तरी रडत नाही."

"मग चांगलंच आहे की!"



"ताई... म्हणजे आता मी आत गेले तरी तिथून कुणी उठत नाही."