पांढऱ्या कापडाखालचा पट्टा

डोळ्यांपुढे अचानक सगळं पांढरं झालं. मी स्पीकरच्या थप्पीला मिठी मारून मागचा पट्टा ओढत होते, आणि वरून कुणीतरी दहा हात कापड थेट माझ्या डोक्यावर सोडलं.

"अहो!" मी आतून ओरडले.

"अरे बापरे... आत कुणी आहे?"

शिडीवरून धडपडत कुणीतरी उतरलं, कापडाचं टोक वर झालं आणि समोर एक चेहरा आला. कपाळाला धूळ, ओठांत चार टाचण्या, आणि डोळ्यांत न मावणारं हसू. मी रागाने लाल झाले. रागानेच, अशी निदान मी स्वतःची समजूत घातली.

तो सजावटवाला. बागेत दुसऱ्या दिवशी दुपारी गाण्यांचा कार्यक्रम होता, पाचांतला पहिला, आणि स्टेज पांढरंशुभ्र करायचं काम त्याच्याकडे होतं. आवाजाचं काम आत्याचं, पण या वेळी माझ्या एकटीच्या अंगावर. आत्याने नुकतीच दुसरी गाडी घेतली होती, सगळ्या सामानासकट. "कार्यक्रम नीट पार पाड, गाडी तुझी," ती म्हणाली होती. "नाहीतर आहेच गोदाम आणि वायरींची भेंडोळी." दोन वर्षं मी ती भेंडोळी गुंडाळत होते. मला ती गाडी हवीच होती.

"हे केशरी पट्टे झाकले तर?" त्याने टाचण्या काढून विचारलं. "फार डोळ्यांत खुपतात हो."

"खुपू देत. माणसाएवढ्या वजनाचे चार डबे आहेत एकावर एक. खालचे घुमायला लागले की वरचे मुंगीच्या पावलांनी सरकतात. आणि पहिल्या रांगेत सगळे आजी-आजोबा बसणार आहेत."

त्याने मान वर करून थप्पी पाहिली. हसू जरा ओसरलं. "मग घट्ट आहे हे कळतं कसं?"

"टिचकी मारा."

त्याने पट्ट्यावर टिचकी मारली. टण्ण! त्याचे डोळे असे चमकले की मी त्याला उरलेल्या तीन पट्ट्यांवरही टिचक्या मारू दिल्या. एवढी सवलत मी आजवर कुणालाच दिली नव्हती.

शेवटी तडजोड झाली. कापड पुढून सोडायचं, मागचे पट्टे उघडे ठेवायचे. संध्याकाळपर्यंत त्याचं काम उरकलं, तरी तो जाईना. एकदा कात्री विसरली म्हणून परत आला, एकदा चुण्या समान नाहीत म्हणून.

"तुमच्या चुण्या फारच हट्टी दिसतात," मी म्हणाले.

"इथली माणसंही काही कमी नाहीत."

मी पाठ फिरवून हसले. त्याला दिसू नये म्हणून... पण त्याला दिसलंच असावं, कारण जाताना तो शीळ घालत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला होता. खुर्च्या भरल्या, गायिका पंख्यापुढे बसून गुणगुणत होती, आत्या शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून उभी होती. दहा मिनिटं उरली तेव्हा मी शेवटची फेरी मारली. पहिला पट्टा, टण्ण. दुसरा, टण्ण. डावीकडच्या थप्पीमागे मात्र एक नवी चुणी दिसली. तिच्यावरूनच टिचकी मारली.

भप्प.

मी चुणी बाजूला केली. पट्टा आवळायची करकरणारी कडी मोकळी लोंबत होती, आणि दोन्ही टोकांची मिळून एक सुंदर गाठ मारलेली होती. अगदी भेटवस्तूवर असते तशी, दोन पाकळ्यांची!

चूक कुणाची ते गाठच सांगत होती. पण कार्यक्रम थांबवायचा तर आत्यासमोर, पाचशे माणसांसमोर. न थांबवावा, तर समोर काठ्या टेकून बसलेली ती पहिली रांग. माझे पाय तिकडेच वळले.

"पहिल्या दोन रांगांनी कृपया उठून मागे यावं," मी माइकवर म्हणाले.

आयोजकबाई तरातरा आल्या. "हे काय चाललंय? एक गाणं होऊ दे, मग बांधा! आणि इतका वेळ काय झोपला होतात? तुमचं कामच ढिलं!"

"गाणं सुरू होणार नाही," मी म्हणाले. "रागवा, पण होणार नाही."

"पट्टा मी सोडला."

तो स्टेजच्या पायरीवर उभा होता. चेहरा त्याच्या कापडाहून पांढरा. "सकाळी चुणी अडकली म्हणून कडी उघडली. परत आवळता येईना, म्हणून गाठ मारली. यांचा काहीच दोष नाही."

"उरलेल्या चारही कार्यक्रमांना तुम्ही येऊ नका," बाई म्हणाल्या.

त्याने मान डोलावली आणि सरळ माझ्याकडे आला. "काय धरू?"

"कापड धरा. आणि हात मध्ये आणू नका."

मी कडीत पट्टा ओवला, आवळू लागले. करकर, करकर. वाऱ्याने माझे केस त्याच्या बाहीवर उडत होते आणि तो श्वास रोखून उभा होता. टण्ण वाजलं, तेव्हा आम्ही दोघांनी एकदमच सुस्कारा सोडला.

लोक पुन्हा पुढे बसले. पहिलं गाणं सुरू झालं, जमीन हलकी थरथरली, थप्पी तसूभर हलली नाही. आत्या माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

"पाचशे माणसांचा खोळंबा केलास," ती म्हणाली.

"हो."

"मी तुझ्या वयाची असताना एवढी हिंमत नव्हती माझ्यात." तिने किल्ली माझ्या हातात कोंबली आणि डोळे पुसत निघून गेली. वाऱ्याने कचरा गेला म्हणे डोळ्यांत.

तो स्टेजमागे टाचण्या डबीत भरत होता. मी समोर जाऊन उभी राहिले.

"चार कामं गेली तुमची," मी म्हणाले. "गप्प बसला असतात तरी चाललं असतं."

"तुमची गाडी गेली असती."

"ते कुणी सांगितलं तुम्हाला?"

"काल तुम्ही फोनवर मैत्रिणीला सांगत होतात. मी चुण्या घालत होतो." तो थांबला. "खरं सांगू? चुण्या पहिल्या तासातच नीट झाल्या होत्या. कालही, आजही. मी... तुम्ही इथे होतात म्हणून येत राहिलो. आणि त्या नादात केवढा घोळ घातला."

"फार मोठा घोळ. कुणाला लागलं असतं."

"माहीत आहे. आता आयुष्यभर लक्षात राहील." त्याने डबीचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. "माफ नाही केलंत तरी चालेल. पण बोलणं टाकू नका."

मला त्याचा राग आला होता, खराखुरा. आणि त्या रागाच्या अगदी खाली तेवढाच आनंद होता.

"पुन्हा माझ्या पट्ट्याला न विचारता हात लावायचा नाही."

"नाही."

"कळत नसेल तर विचारायचं. शंभर वेळा विचारायचं."

"विचारेन. आत्ता एक विचारू?"

"नको," मी म्हणाले. "मलाच सांगू दे. मला तुम्ही आवडता. कालपासूनच. आता गप्प उभे राहा, मला त्या थप्पीवर लक्ष ठेवायचंय."

तो गप्प उभा राहिला. माझ्या अगदी शेजारी.