कोऱ्या टेपची खरखर

"मारा, पण जीव घेऊ नका रे!" असं ओरडत हवालदार कृष्णा भोईर गर्दीत घुसला, तेव्हा अल्पेशचा एक डोळा पुरता मिटला होता. दुसऱ्यातून रक्त वाहत होतं. कुणीतरी त्याच्या छातीवर पाय देऊन उभं होतं, आणि तो पाय काढायला भोईरला काठी चालवावी लागली.

गास गावात, हरेश्वर राऊतांच्या अंगणात हे चाललं होतं. अल्पेश त्यांचा सख्खा भाचा. नालासोपाऱ्यात रिक्षा चालवायचा. संध्याकाळी मामाकडे आला आणि थोड्याच वेळात बाहेर येऊन बोंब मारू लागला. हात कोपरापर्यंत लाल होते. शेजाऱ्यांनी एवढंच पाहिलं आणि निकाल लावून टाकला. माणसं अशा वेळी फार झटपट हुशार होतात.

सहायक निरीक्षक मनोरमा चुरी आत गेल्या.

हरेश्वर कॉम्प्युटरच्या टेबलावर पालथे पडले होते. डोक्याची मागची बाजू उरलीच नव्हती. नारळ सोलायची लोखंडी पहार खुर्चीखाली पडली होती आणि टोकाला पांढरे केस चिकटले होते. भिंतीवर, पडद्यावर, कॅसेटच्या खोक्यांवर, कानाला लावायच्या हेडफोनवर, सगळीकडे शिंतोडे उडाले होते. टेबलावरचे दोन पांढरे स्पीकर तेवढे दुकानातून आणल्यासारखे दिसत होते. जमिनीवर एक जुना टॉवेल पडला होता, घडीच्या खुणा तशाच असलेला.

मनोरमाबाईंनी तोंडावर रुमाल धरला. नोकरीत कितीही वर्षं गेली तरी रक्ताच्या त्या वासानं त्यांना राग यायचा.

"साहेबांचा फोन आला होता," भोईर म्हणाला. "उद्या कोर्टात उभा करा म्हणतात. गावात वातावरण तापलंय."

"पोरगा वाचला तर उभा करू ना!"

*

मनोरमाबाई दवाखान्यात पोचल्या तेव्हा अल्पेशच्या बरगड्या बांधल्या होत्या. दारात त्याची आई धोंडूबाई बसली होती. मेलेले हरेश्वर हिचे धाकटे भाऊ आणि आरोपी हिचा एकुलता एक मुलगा. बाईचे डोळे कोरडे होते.

"माज्या हरीला माज्या पोरानं नाय मारला," ती म्हणाली. "तुमी लिवून घ्या."

"आठ दिवसांपूर्वी बाजारात त्यानं मामाला धमकी दिली होती. हातपाय तोडीन म्हणाला. सगळ्या गावानं ऐकलं."

"माज्यासाटी बोलला तो. मला दमा हाय. हरी मला गानी बोलायला लांब लांब घेऊन जायचा. रात्री माजा श्वास अडकला, पोर घाबरला, तो बोलला. मामाच्या पाया पडून माफी मागायला गेला होता आज. मीच पाठवला."

आत अल्पेश कण्हत कण्हत बोलला. "मामा पडलेला दिसला मॅडम. मी उचलायला गेलो. डोकं हातात आलं माझ्या... म्हणजे..." आणि त्याला ओकारी झाली.

"रिक्षास्टँडवरून कधी निघालास?"

"चर्चची संध्याकाळची घंटा झाली, मग. स्टँडवर सगळ्यांना विचारा."

भोईरनं विचारलं. खरं होतं. पण त्यानं अल्पेश सुटत नव्हता, उलट पुरता अडकत होता. कारण घंटेच्या वेळी हरेश्वर जिवंत होते, आणि त्याला साक्षीदार होते.

*

फ्लॉसीबाईंचं घर अगदी लागून होतं. मधे केळीची रांग आणि सामाईक विहीर.

"मॅडम, मी काय खोटं बोलनार? घंटा वाजत होती, मी कपाळावरून क्रूस केला, आनि तेवढ्यात हरेश्वरचा आवाज आला खिडकीतून. आपल्या कानानं ऐकला."

"काय म्हणाले?"

"ते म्हनतात ना नेहमी, तेच. राजोडी, होडीवरचं गानं, गानारी थेरेसा. आनि लगेच गानं सुरू. माझी मावशीच ती थेरेसा, म्हनून लक्षात राहिलं."

"त्याआधी काही ऐकू आलं? भांडण?"

"भांडन नाय. खरखर येत होती मघापासून. कुनी रेडिओ लावून ठेवला नि स्टेशन सापडत नाय, तशी."

"तुमच्याबरोबर कोण होतं?"

"आमचा पोरगा थॉमस होता. आनि संगीतकार, हर्षवर्धन सर. चहाला बसले होते ओट्यावर. तेच म्हनाले, ऐकलंत ना, काकांचं काम सुरू झालं. मग थॉमसनं त्यांना स्कूटरवर वसईला सोडलं."

"सर नेहमी येतात?"

"हरेश्वरकडे गानी ऐकायला. आमच्याकडे पहिल्यांदाच बसले. नुसता उकाडा होता ना, विहिरीवर डोकं भिजवून आले होते. नेहमी झब्ब्यात रुबाबात असतात. आज मेला कुठला तो ढगळ शर्ट घातलेला."

हर्षवर्धन सामंत हे वसईतलं मोठं नाव. मुंबईहून दहाएक वर्षांपूर्वी येऊन फ्लॅट घेतलेला. त्यांनी रचलेलं हळदीचं गाणं वसई-विरारमधल्या प्रत्येक लग्नात वाजायचं. त्या गाण्यासाठी येत्या रविवारी त्यांचा जाहीर सत्कार होता. मनोरमाबाईंच्या स्वतःच्या बहिणीच्या लग्नातही त्यावर सगळ्या नाचल्या होत्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी हरेश्वरांची मुलगी रचना घरी आली. मुंबईत ऑफिसात नोकरी, त्यामुळे बातमी पोचेपर्यंत उशीर झाला. रडून रडून तिचा आवाज बसला होता, तरी प्रश्नांना ती नीट उत्तरं देत होती.

"तुमचे वडील इथे नेमकं काय करायचे?"

"जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायचे. बायकांची लग्नाची गाणी, कोळ्यांची, शेतातली. फाईल लहान करायची नाही, हा हट्ट. लहान केली की आवाज कापला जातो म्हणायचे. म्हणून एकेक गाणं कॉम्प्युटरला जड व्हायचं."

"आणि आधी ते नाव बोलायचे, ते का?"

"त्या मोठ्या फायलींत नाव-गाव लिहिलेलं टिकतच नाही. दुसऱ्या मशीनवर नेली की कोरी. मग बाबांनी युक्ती काढली. फाईलला नुसता क्रमांक द्यायचा, आणि गाणं कुणाचं, कुठलं, कधीचं, हे स्वतःच्या आवाजात फाईलच्या तोंडाशी चिकटवायचं. वरचं नाव कुणीही बदलेल, आत बोललेलं कोण बदलणार, असं म्हणायचे."

"म्हणजे आधी बोलायचे आणि मग कॅसेट लावायचे."

"छे! आधी कॅसेट पूर्ण ऐकायची. कान लावून. खोक्यावरच्या नावावर त्यांचा विश्वासच नव्हता. गाणारीचा आवाज ओळखला, मागची माणसं ओळखली, की मग सगळ्यात शेवटी बोलायचे. पुढे जोडायचं काम नंतर."

मनोरमाबाई थबकल्या. "कॅसेट ऐकायची कशावर?"

"हेडफोनवर. स्पीकर कपाटावर टॉवेलात गुंडाळून ठेवलेले असतात. पाहुणे आले तरच काढायचे."

मनोरमाबाई ताडकन उठल्या. टेबलापाशी जाऊन त्यांनी हातमोजा चढवला आणि डावा स्पीकर हळूच उचलला. मग कॉम्प्युटरवर काल शेवटी वाजलेली फाईल लावली. राजोडी, होडीवरचं गाणं, गाणारी थेरेसा. रचनानं वडिलांचा आवाज ऐकला आणि तोंडात पदर कोंबला.

"तिच्या आधीची लावते," त्या म्हणाल्या.

खरखर सुरू झाली. संपेचना.

"ही कोऱ्या टेपची," रचना म्हणाली. "कॅसेटची एक बाजू नुसती खरखर. दुसऱ्या गाण्यांतली खरखर काढायला नमुना म्हणून ठेवली होती बाबांनी. पण ही कुणी ऐकत नाही हो."

"यातली एखादी फाईल गायब असेल तर कळेल?"

"हो. दुसरी प्रत आत्याकडे आहे. दमट हवेनं हार्डडिस्क खराब होऊ नये म्हणून तिच्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलेली. दिवसभराचं काम बाबा रोज रात्री तिच्याकडे जाऊन त्यात भरायचे."

*

दुपारी हरेश्वरांच्या त्याच खोलीत सगळे जमले. थॉमस, फ्लॉसीबाई, रचना, आणि खास निरोप धाडून बोलावलेले हर्षवर्धन सामंत. इस्त्रीचा झब्बा, डोळ्यांत पाणी. धोंडूबाई दवाखाना सोडून यायला तयार नव्हती.

"फार मोठा माणूस गेला," सामंत म्हणाले. "त्या नालायक पोराला फाशी व्हायला हवी."

"होईल, ज्याला व्हायची त्याला," मनोरमाबाई म्हणाल्या. "सर, तुम्ही काल ओट्यावर काय ऐकलंत?"

"काकांचा आवाज. त्यांचं काम चाललं होतं. मग गाणं."

"आधी आवाज, मग गाणं?"

"अर्थात. त्यांच्या सगळ्या फायली तशाच असतात."

"फायली तशा असतात. काम तसं नसतं." मनोरमाबाईंनी खुर्ची ओढली. "हरेश्वर आधी गाणं ऐकायचे आणि शेवटी बोलायचे. ऐकायचे तेही हेडफोनवर, केळीपलीकडे काही जायचंच नाही. तुम्ही कायम तयार फाईल ऐकलीत, ती बनताना कधी पाहिली नाही. त्यामुळे काम चालू आहे असं दाखवायला तुम्ही तयार फाईलच वाजवलीत."

"मी? मी तर ओट्यावर होतो!"

"म्हणून तर आधी कोऱ्या टेपची फाईल लावलीत. ती सुरू करायची, विहिरीवर डोकं धुवायचं, शेजारी जाऊन चहा मागायचा. खरखर संपली की पाठोपाठ मेलेला माणूस बोलायला लागतो, आणि तुमच्या हातात कपबशी. नंतर जो कुणी या घरात पाऊल टाकेल, तो खुनी. अल्पेशचं नशीब फुटकं."

"हरेश्वर स्वतःच ऐकत बसले असतील!" थॉमस न राहवून म्हणाला.

"मलाही आधी तसंच वाटलं. पण या खोलीत भिंतीपासून खोक्यांपर्यंत रक्त उडालंय, आणि बरोबर मधे ठेवलेल्या पांढऱ्या स्पीकरवर थेंब नाही. उचलून पाहिला, तर त्याच्या खाली टेबलावर शिंतोडे. म्हणजे आधी खून झाला, मग स्पीकर मांडले, मग गाणं वाजलं. ते वाजत होतं तेव्हा हरेश्वर इथेच डोकं फुटून पडले होते, आणि अल्पेश रिक्षास्टँडवर होता."

फ्लॉसीबाईंनी क्रूस केला. "अरे देवा! आनि आमी चहा पीत होतो!"

"स्पीकर सरकवताना बोट ओल्या रक्तात टेकलं. बुडाला ठसा आहे, सर. तुमच्या बोटांशी जुळवायला वेळ लागणार नाही. शर्ट तुम्ही हरेश्वरांचा घालून गेलात. तुमचा झब्बा मघाशी विहिरीतून काढलाय, आत दगड बांधलेला."

"पण का?" रचनाच्या तोंडून शब्द फुटले. "तुम्हाला बाबांनी पोरासारखं वागवलं!"

मनोरमाबाईंनी भोईरला खूण केली. त्यानं दुसरी हार्डडिस्क जोडली. "या घरातल्या डिस्कवरून एकच फाईल पुसली होती, आणि तिची कॅसेटही गायब आहे. ती ही."

हरेश्वरांचा आवाज आला. गास, माझी बायको या घरात आली ती हळद, गाणारी माझी बहीण धोंडूबाई. मग बांगड्या, हसणं, कुणाचं तरी तान्हं रडणं, आणि त्यावरून तरुण धोंडूबाईचा खणखणीत आवाज. सगळ्या वसईच्या तोंडी असलेलं ते गाणं. सामंत वसईत पाय ठेवायच्याही कितीतरी आधीचं.

"फाईलवर तारीख परवाची आहे, म्हणजे कॅसेट परवाच सापडली," मनोरमाबाई म्हणाल्या. "हरेश्वरांनी भोळेपणानं तुम्हालाच पहिल्यांदा ऐकवली. रविवारी सत्कारात बहिणीचं नाव घ्या म्हणाले असतील."

सामंतांचा चेहरा पांढराफटक पडला आणि मग एकदम पेटला. "नाव! सारखं नाव! त्या अडाणी बाईला नाव घेऊन काय करायचंय? लोकांपर्यंत मी नेलं ते! मी!" त्यांनी जोडलेली डिस्क हिसकून जमिनीवर आपटली, टाच मारून फोडली आणि रचनाचा गळा धरला. तिचं डोकं भिंतीवर आदळलं. थॉमस मधे पडला, त्याला कोपर बसून ओठ फाटला. भोईरची काठी सामंतांच्या मनगटावर बसली तेव्हा हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"फोडा हवी तेवढी," धापा टाकत मनोरमाबाई म्हणाल्या. "सकाळीच प्रत काढलीय."

*

दवाखान्यात अल्पेशच्या खाटेपासून पोलीस उठला. पोरगा गुंगीत होता, पण श्वास नीट चालला होता. मनोरमाबाईंनी धोंडूबाईला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. भावाचा जीव कशापायी गेला, तेही.

म्हातारीनं मुलाच्या पायावरून हात फिरवला.

"हल्दीचं गानं?" तिनं विचारलं. "त्याच्यासाटी हरीला मारला?"

"हो, आजी."

"ते माजं पन नाय गो. माज्या आयेचं. तिच्या आयेचं." तिचा श्वास लागला, ती थांबली, आणि इतका वेळ कोरडे राहिलेले डोळे एकदम भरून वाहू लागले. "मागितलं असतं तर शिकवलं असतं की त्याला. ते लग्नात वाजवतात ना, ते अर्धंच हाय. पुढची कडवी त्याला येतच नाय."