नऊ पिशव्या आणि एक पानाचा डबा

टेबलावर तपासायला आणून ठेवलेली आठ कार्डं होती आणि आठ पिशव्या. ऋताच्या आईने यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मैत्रिणींना स्वतः शिवलेल्या पिशव्या वाण म्हणून दिल्या होत्या. कार्ड हाताशी राहावं म्हणून कंबरेला लटकवायच्या. काल नऊजणी बिनचालकाच्या बसने जत्रेला गेल्या. गर्दीत आठजणींच्या कार्डांतून पैसे चोरीला गेले. हौसामावशींच्या कार्डातून गेले नाहीत. नववं कार्ड आणि नववी पिशवी त्यांच्याकडेच होती.

बँकेने सकाळी पैसे परत केले, तरी आई उदास होती. "माझ्या वाणाने चोराची सोय झाली. सगळ्या पिशव्या आता माझ्याकडेच ठेवून घेते."

"आधी मावशींचं कार्ड कसं सुटलं ते बघू," ऋता म्हणाली.

घरातल्या रोबो भिंगरीने आईचं शिवणाचे पैसे घ्यायचं मशीन कार्ड घातलेल्या एका पिशवीजवळ नेलं. चार सेंटिमीटरवर ते वाजलं.

"कार्डात बॅटरी नाही. मग ते उत्तर कसं देतं?" ऋताने विचारलं.

"मशीनच त्याला जेवू घालतं," भिंगरी म्हणाली. "मशीन रेडिओलहरी सोडतं. कार्डाच्या आत वेटोळं (बारीक तारेचे फेरे) असतं. लहरींमुळे त्यात वीज तयार होते. तिच्यावर चिप (डाळीएवढा संगणक) जागी होते आणि बोलते. मशीन दुकानदाराचं की चोराच्या झोळीतलं, हे चिपला कळत नाही. छोट्या रकमेला पिन (गुप्त आकडा) बहुतेकदा लागतच नाही."

"म्हणजे गर्दीत नुसतं खेटून जायचं."

"आणि कापडातून लहरी आरपार जातात."

तेवढ्यात हौसामावशी आल्या. "मी काही हुशारी केली नाही गं," त्या आईला म्हणाल्या. "एवढी सुंदर पिशवी, तिला चुन्याचे डाग नकोत. म्हणून कार्डासकट या पितळी पानाच्या डब्यात ठेवली, अजून आतच आहे."

भिंगरीने मशीन बंद डब्याला टेकवलं. आवाज नाही.

"लहरी धातूवर आदळल्या की धातूत विजेचे प्रवाह उठतात," ती म्हणाली. "ते लहरींना आत शिरू देत नाहीत."

आईने स्वयंपाकघरातून पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद आणला. "हाही धातूचाच की."

दुपारभर तिने प्रत्येक पिशवीला आतून दोन्ही बाजूंनी आणि झाकणालाही त्याचं अस्तर लावलं. "मावशी, तुम्ही पिशवी जपलीत म्हणून मला हे सुचलं. तुमचे उपकार कसे फेडू?"

"आणखी एक शिवून दे. माझी नात चंद्रावर नोकरीला निघालीय. बाजार तिथेही भरेलच."

संध्याकाळी बाकीच्या आठजणी आल्या. पिशवी सोडायला एकही तयार नव्हती. "अशी पिशवी आणखी कुठे मिळणार?" म्हणत त्यांनी आपापलं कार्ड आत सरकवलं.

भिंगरीने मशीन एकेका पिशवीला दोन्ही बाजूंनी टेकवलं.

पिशव्या नऊ. मशीन वाजलं शून्य वेळा.