अकरा मिनिटांचा थांबा

गेल्या वर्षी चाकणच्या त्या मालवाहतूक कंपनीच्या आवारात रिव्हर्स घेणाऱ्या गाडीखाली एका हमालाचा पाय गेला. तेव्हापासून सेफ्टीचं काम बघणारी तनुजा गायकवाड मालकांच्या मागेच लागली होती. अखेर यंदा जानेवारीत सगळ्या बावीस गाड्यांना मागचे कॅमेरे आणि जीपीएस बसले. कोणती गाडी कुठे आहे, तिच्या मागे काय आहे, हे आता ऑफिसातल्या पडद्यावर दिसायचं.

आठवडाभरातच मालकांनी, श्रीपाद सरांनी, तिला केबिनमध्ये बोलावलं. समोर विलास सांडभोर उभा होता. तेवीस वर्षं गाडी चालवणारा, कुणाला कधी ओरखडाही न काढलेला माणूस.

"सोमवार ते शनिवार, रोज बारा दहाला, राजगुरुनगरच्या अलीकडे ओढ्यावरच्या पुलावर. अकरा मिनिटं थांबतो हा," सर म्हणाले. "आणि तोंडावर नाही म्हणतो."

"थांबलोच न्हाई, साहेब. तिथं हाय काय थांबायला? ना टपरी, ना झाड."

"क्लिपमध्ये खाली उतरलेला दिसतोयस, विलास. संध्याकाळपर्यंत खरं सांग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

तनुजाने जागेवर येऊन गेल्या सोमवारची क्लिप उघडली. आवाज नव्हता. गाडीच्या मागच्या बाजूला विलास आला, खाकी शर्टातच. काही विसरल्यासारखा इकडेतिकडे बघत राहिला. सरांनी एवढंच पाहिलं असणार. तनुजाने शेवटपर्यंत पाहिलं. अकरा मिनिटांनी गाडी हलली. विलास दचकला, हात वर करून चार पावलं धावला, मग थांबला. रस्त्यावर लहान लहान होत गेला.

मग गाडी कोण चालवत होतं?

तिने नोंदी काढल्या. अकरा मिनिटं थांबलेली गाडी रोज बारा चाळीसला माल पोचवायच्या कारखान्याच्या गेटवर होती, अगदी वेळेवर. न थांबता जेवढा वेळ लागतो, तेवढाच. बाकीच्या क्लिप बघायला वेळ नव्हता. कॅमेरे बसवणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, "फाइली मिक्स झाल्या असतील, मॅडम." तिला ते पटलं नाही, पण दुसरं काही सुचलंही नाही.

साडेअकराला ती विलासच्या शेजारी गाडीच्या केबिनमध्ये चढली. ऑफिसात पडद्यासमोर तिने हाताखालच्या करिष्माला बसवलं होतं.

स्वच्छ ऊन होतं. हायवेला नेहमीसारखी गर्दी. गिअर बदलत विलास म्हणाला, "घरी बायकू म्हणती, आठवडा झाला, तुमी जेवता बी परक्यासारखं. मला तर काय कळंना झालंय, मॅडम."

"झोप नीट होते ना?"

"व्हय. झोप लई लागती."

बारा नऊला तिने करिष्माला फोन लावला आणि चालूच ठेवला. पूल दिसला. सिमेंटचे बुटके कठडे, खाली कोरडा ओढा. कठड्यांवर कुणी नव्हतं. गाडीचा काटा चाळीसवर होता. चाकं पुलावरून खडखडत गेली, पूल मागे पडला. तनुजाने श्वास सोडला.

"मॅडम," फोनवर करिष्मा म्हणाली, "थांबलात का?"

"नाही गं. पूल ओलांडला आम्ही."

"मॅपवर पुलावरच आहात. स्पीड शून्य."

तनुजाने खिडकीबाहेर पाहिलं. उसाची ट्रॉली मागे जात होती.

"मॅडम, तुम्ही पण कशाला उतरलात?"

"काय?"

"मागे विलासभाऊ आहेत, आणि तुम्ही. निळी ओढणी तुमचीच ना? कॅमेऱ्याकडे बघताय. काहीतरी बोलताय."

तनुजाने ओढणीचं टोक मुठीत धरलं. विलासने ब्रेककडे पाय नेला. "न्हाई," ती म्हणाली, "थांबू नका. चालत राहा."

"मागं जाऊन बघू का?" विलासने विचारलं.

"नको."

बारा चाळीसला ते गेटवर होते. वॉचमनने वहीत दोन नावं लिहिली.

कारखान्याच्या आवारात गाडी लावून विलास खाली उतरला आणि तिच्या बाजूला आला. करिष्माने क्लिप मोबाइलवर पाठवली होती. दोघांनी ती उभ्यानेच पाहिली.

पुलावर विलास होता. तनुजा होती. तिचे ओठ हलत होते. एकच शब्द, पुन्हा पुन्हा. तिला स्वतःचेच ओठ वाचता येईनात.

गाडी हलली. तनुजा धावली नाही. नुसती बघत राहिली.

गाडी लांब गेली, तसा पूल पूर्ण दिसू लागला.

कठड्यावर माणसं बसली होती. सगळ्यांचे शर्ट खाकी, सगळ्यांची अंगकाठी विलासची. ओळीने, गुडघ्यांवर हात ठेवून, खूप वेळ बसल्यासारखी.

विलास बोटाने मोजू लागला. सहापर्यंत मोजून त्याने हात मागे घेतला.

पडद्यावर त्या सहाही जणांनी पुलावरच्या तनुजाकडे पाहिलं. मग एकमेकांना न विचारता ते जरा जरा सरकले, आणि कठड्यावर दोघांपुरती जागा झाली.