हिरव्या बटणावरचा अंगठा

अगं, ऐक तर! आणि हसू नकोस — मी आधी त्याच्या अंगठ्याच्या प्रेमात पडले.

खरंच! रोज दुपारी दीडला ऑफिसात डबा उघडला की मी गावी घरी व्हिडिओ कॉल लावते. आई तेव्हा शाळेत शिकवत असते, आणि बाबांचे दोन्ही हात एका आजारपणानंतर उचलतच नाहीत. पण त्यांच्या टॅबवर एक सोय होती, माझा कॉल आपोआप उचलला जायचा. दोन रिंग, की समोर बाबा! मी जेवायचे, ते मला चिडवायचे.

आणि एक दिवस कंपनीनं नव्या अपडेटमध्ये ती सोयच काढून टाकली. ‘तुमचा अनुभव अधिक सोपा करण्यासाठी’ म्हणे! कुणाचा गं? तिकडे टॅब वाजतोय, बाबा नुसते बघतायत, इकडे मी डब्यावर रडतेय. तीन तक्रारी केल्या. तिन्हींना एकच उत्तर — ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे.’

शेवटी आईनं टॅब खालच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुसऱ्या दिवशी दीडला कॉल... उचलला! स्क्रीनभर एक अंगठा. टोकाला भाजल्याचा छोटासा डाग. तो बाजूला झाला, तर एक कान आणि कानामागे खोचलेला स्क्रूड्रायव्हर.

“झालं दुरुस्त?” मी ओरडलेच.

“नाही हो. ते काही माझ्या हातात नाही... म्हणून काकूंकडून किल्ली घेऊन मीच आलो. दुकानाची जेवणाची सुट्टी आहे.”

“मग उद्या?”

“उद्याही असते की सुट्टी. दोन जिने तर चढायचे.”

आणि आला की! रोज. बाबांनी त्याचं नाव ठेवलं अंगठेबहाद्दर. आधी बटण दाबून पळायचा. मग बाबांना पाणी पाजून जायला लागला. मग बाबांच्या हुकमानं डबा घेऊन स्टुलावरच बसायला लागला.

“भाजी आज पण करपली वाटतं?” तो विचारायचा.

“का, स्क्रीनमधून वास येतो?”

“नाही. तुमचं तोंड दिसतं.”

परवा शेजारच्या टेबलावरची म्हणाली, “अगं, ती सोय परत आली ना! लोकांनी एवढी बोंब मारली... महिना झाला.” महिना? आणि याचं तर दुकानच मोबाइलचं!

दीडला अंगठा बाजूला झाला तसं विचारलंच, “सोय परत आलीये म्हणे.”

त्याचे कान लालबुंद.

“आली. मी त्याच दिवशी काकांना सांगितलं, चालू करून देतो. तर म्हणाले — हात लावशील तर खबरदार!”

मागे बाबा गाढ झोपलेले. म्हणजे, डोळे घट्ट मिटलेले आणि ओठांवर हसू.

“आणि तुम्हाला? तुम्हाला काय हवं होतं?”

त्यानं कानामागचा स्क्रूड्रायव्हर काढला, परत खोचला. “मला... सकाळी दुकान उघडल्यापासून दीड वाजायला हवे असतात.”

माझा चमचा हातातच राहिला, खरंच!

“मग राहू दे ती बंदच,” मी म्हटलं. “आणि ऐक... शनिवारी मी घरी येतेय. दार तूच उघड.”

त्याच दुपारी कंपनीला चौथं पत्र पाठवलं. नुसतं ‘मनापासून आभार’, बस्स. लगेच उत्तर आलं — ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे.’

पहिल्यांदाच पटलं गं!